कार्बोरेटरचा आत्मा

‘गाडीचा आत्माच काढून घेतलात की तुम्ही!’ हे वाक्य गेल्या वर्षभरात आम्हांला निदान दहा वेळा ऐकावे लागले आहे, आणि ते उच्चारणाऱ्यांत एकही मिस्त्री नव्हता. उच्चारणारे बहुतेक सगळे आमच्याच व्यवसायातले: मराठीचे प्राध्यापक, दोन कवी, एक समीक्षक, आणि एका दिवाळी अंकात वडिलांच्या बुलेटवर हळवा लेख लिहून वाहवा मिळवलेले एक ज्येष्ठ स्नेही. आमचा गुन्हा इतकाच, की आम्ही एका जुन्या बुलेटचा कार्बोरेटर उतरवून तिला फ्युएल इंजेक्शन बसवले. या गुन्ह्याचा कबुलीजबाब द्यावा आणि जमल्यास फिर्यादींचीही थोडी उलटतपासणी करावी, एवढ्यासाठी हा लेख.

‘आम्ही’ म्हणजे एकाच विभागात, एकाच कपाटाच्या दोन कप्प्यांत पुस्तके ठेवणारे दोघे. गाडी आमच्यापैकी एकाच्या वडिलांची, १९९६ सालची, ओतीव लोखंडी सिलिंडरची साडेतीनशे सीसीची बुलेट. महाविद्यालय कराडच्या बाजूला. परीक्षेच्या कामासाठी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणे वर्षातून पाचसहा वेळा होते, आणि उन्हाळ्यात महाबळेश्वरला एखादी फेरी. म्हणजे आमची गाडी संग्रहालयातली नाही. ती चालते, आणि न चालली तर आमचा तास बुडतो.

ज्यांना या यंत्राशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडे प्राथमिक. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी बसवलेली, मध्ये अरुंद होत गेलेली नळी. इंजिन हवा ओढते. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो, दाब घटतो, आणि खालच्या वाटीत फ्लोटने पातळी राखलेले पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर खेचले जाते. किती खेचले जावे हे जेटचे भोक, निमुळती सुई आणि हवेचा स्क्रू मिळून ठरवतात. यात कोणी काही मोजत नाही. इंजेक्शनमध्ये मोजतात. थ्रॉटल किती उघडला, नळीतला दाब किती, इंजिन किती तापले आणि किती वेगाने फिरते आहे, हे सेन्सर सांगतात. एक छोटा संगणक त्यावरून हिशेब करतो, आणि पंपाने सुमारे तीन बार दाबाखाली ठेवलेले पेट्रोल इंजेक्टर काही सहस्रांश सेकंद उघडून आत सोडतो. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर हिशेब बरोबर आला की चुकला ते कळवतो. बस्, एवढेच. यात आत्मा कोणत्या नळीतून निसटला हे आम्हांला अद्याप सापडलेले नाही.

‘आत्मा’ हा शब्द आपल्या क्षेत्रात नवा नाही. एम. ए.ला भारतीय साहित्यशास्त्राची प्रश्नपत्रिका सोडवलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की वामनाने रीतीला काव्याचा आत्मा म्हटले आणि आनंदवर्धनाने ध्वनीला. पण ही मंडळी तेवढे म्हणून थांबली नाहीत. आत्मा म्हटल्यावर तो कोठे दिसतो, कशाने सिद्ध होतो, दोष आला तर काय बिघडते, हे सांगायला त्यांनी ग्रंथ लिहिले. आमचे स्नेही दुसऱ्या वाक्यापर्यंतही येत नाहीत. त्यांच्या तोंडी ‘आत्मा’ हा चर्चा सुरू करणारा शब्द राहिलेला नाही. तो चर्चा मिटवणारा शब्द झाला आहे. वर्गात कवितेचे वृत्त सोडवू लागले की ‘सर, असे चिरफाड केल्याने कवितेतला आत्मा जातो’ म्हणणारा विद्यार्थी असतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की विद्यार्थ्याचे वय वीस असते.

बरे, आत्मा क्षणभर मान्य करू. मग तो कोणत्या कार्बोरेटरमध्ये होता? रेडिचला बनणाऱ्या मूळ बुलेटवर इंग्रजी अमल कार्बोरेटर असे. आमच्या १९९६ च्या गाडीवर मिकार्ब होता, म्हणजे मिकुनी या जपानी कंपनीच्या परवान्याने भारतात तयार झालेला. इंग्रजी गाडी, चेन्नईचा कारखाना, जपानी धर्तीचा कार्बोरेटर: हा ‘मूळ आत्मा’ आमच्या हाती येईपर्यंतच त्याचे पुनर्जन्म झालेले होते. सहा व्होल्टची वीज जाऊन बारा व्होल्टची आली तेव्हा कोणी शोक केल्याचे आठवत नाही. ज्या धडधडीवर आमचे कवी भाळतात ती मोठ्या चक्राची, लांब स्ट्रोकची आणि सायलेन्सरची करामत आहे. इंजेक्शन बसवल्यावरही ती तशीच आहे. ज्येष्ठ स्नेह्यांना आम्ही न सांगता मागे बसवून नदीपर्यंत नेऊन आणले. उतरताना ते म्हणाले, ‘बघा, हा आवाज! हे तुमच्या इंजेक्शनात नाही यायचे.’ त्यांच्या वयाचा मान राखून आम्ही गप्प बसलो. आता लिहून टाकले, इलाज नाही.

नवेपणाचा आरोपही तपासण्यासारखा आहे. कावासाकीने १९८० मध्ये हजार सीसीच्या मोटारसायकलला इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवून ती बाजारात आणली. म्हणजे हे ‘नवे खूळ’ आमच्या दिवंगत वडिलांच्या गाडीपेक्षा सोळा वर्षांनी थोरले. आपल्याकडे २००६ मध्ये हीरो होंडाची ग्लॅमर इंजेक्शनसह आली. २००७ मध्ये पुण्याच्या बजाजने २२० सीसीची पल्सर इंजेक्शनसह आणली आणि २००९ मध्ये त्याच गाडीला कार्बोरेटर लावून किंमत उतरवली. आत्म्याचे असे येणेजाणे किमतीच्या तक्त्यावर ठरले, आणि ते योग्यच होते, कारण कारखानदार मोटारसायकली विकतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ची मर्यादा लागू झाल्यावर बहुतेक सर्व नव्या मोटारसायकलींवर इंजेक्शन आले. तेव्हापासून कार्बोरेटर हा स्मरणरंजनाचा विषय झाला. त्याआधी तो पावसाळ्यात सकाळी शिव्या खाण्याचा विषय होता.

पिरसिग यांचे १९७४ चे मोटारसायकलीवरचे प्रसिद्ध पुस्तक आमच्या स्नेह्यांच्या बोलण्यात हटकून येते, आणि ते आमच्याविरुद्ध साक्ष म्हणून येते ही गंमत. त्या पुस्तकातला निवेदक स्वतः प्लग तपासतो. डोंगर चढताना मिश्रण दाट होते आहे याची चिंता करतो. त्याचा मित्र महागड्या बीएमडब्ल्यूचा मालक आहे. तिचे हँडल सैल झालेले असते. बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून ते घट्ट करता येईल असे निवेदक सुचवतो, तेव्हा मित्राला तो गाडीचा अपमान वाटतो. मूळ भागाशिवाय दुसरे काही लावायचे नाही, आणि ते कसे चालते हेही पाहायचे नाही, ही त्या मित्राची भूमिका. आमचे स्नेही स्वतःला निवेदकाच्या बाजूचे समजतात आणि बोलतात मित्राची भाषा. पुस्तकातला झेन त्यांनी वाचला, मोटारसायकल गाळली.

आता प्रत्यक्ष कारणांकडे येऊ, कारण आम्ही हे काम तात्त्विक हौसेने केले नाही.

पहिले कारण घाट. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे. समान तापमानाला तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण पंधरा टक्क्यांनी विरळ भरते. जेटचे भोक मात्र तेवढेच राहते. त्याला आपण कोठे आहोत हे कळत नाही. मिश्रण दाट होते, प्लग काजळतो, गाडी मिसिंग करू लागते. दुसरे कारण ऊस. आमच्या भागातली कितीतरी महाविद्यालये उसाच्या पैशावर उभी राहिली, त्यामुळे उसाविरुद्ध बोलणे आम्हांला शोभत नाही. पण त्याच उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये येते. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्क्यांचे मिश्रण पंपावर आले. निव्वळ पेट्रोलचा एक भाग पुरता जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे नऊ, आणि वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे १९९६ च्या पेट्रोलसाठी बेतलेले जेट आज तेवढ्याच हवेमागे गरजेपेक्षा कमी इंधन देते. मिश्रण पातळ होते, आणि वाऱ्यावर थंड होणारे लोखंडी इंजिन तापते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगवते, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर फ्लोटच्या वाटीत काय साठते ते उघडून पाहावे. महाबळेश्वरला उंचीची चूक आणि इथेनॉलची चूक एकमेकींना थोडेफार सावरून घेतात हे खरे. पण आम्ही महाबळेश्वरला राहत नाही, आणि चिपळूणच्या एप्रिलात दुसरी चूक एकटीच उरते.

‘मग जेट बदला, सुई एक खाच वर घ्या,’ असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. आमचे मिस्त्री तेच करत आले. या माणसाचे आम्हांला खरोखर कौतुक वाटते. प्लगचा रंग पाहून, ‘चहासारखा हवा, काळा न्हाई आन पांढरा बी न्हाई’ असे म्हणत, हवेचा स्क्रू दीड फेरा सोडून पाव फेरा परत घेणारा हा कान आणि डोळा चाळीस वर्षांत तयार झाला आहे. स्मरणरंजनवाल्यांचा सगळ्यात प्रभावी मुद्दा हाच: इंजेक्शन आले की हे ज्ञान मरते. म्हणून आम्ही सुरुवात त्यांच्यापासूनच केली. बेत सांगितला आणि ते दुखावतील अशी तयारी ठेवली. ते दुखावले वगैरे नाहीत. दिवसाला तीन कार्बोरेटर धुणाऱ्या, बोटांच्या कातडीत पेट्रोल मुरलेल्या माणसाला कार्बोरेटरबद्दल गहिवर येत नाही, तो आपल्याला येतो. त्यांनी एकच विचारले: ‘सर, ते समदं खरं. पण बिघाड झाला तर दिसंल का?’

हा प्रश्न आम्ही त्या दिवशी पुरता ऐकला नाही. ऐकला असता तर पुढची फजिती टळती.

पहिल्या खेपेस आम्ही एक तयार संच विकत घेतला. कोणाकडून ते सांगत नाही. डबा सीलबंद, वायरिंग सुबक, सोबत दोन पानी कागद. मिस्त्रींनी आणि आम्ही तो दोन रविवारांत बसवला. गाडी पहिल्या किकला सुरू झाली, आणि महिनाभर आम्ही महाविद्यालयाच्या आवारात उगीच गाडी बंद करून पुन्हा सुरू करून दाखवत असू. मग कुंभार्ली घाटात, निम्म्या चढावर, भर पावसात ती बंद पडली. दिवा लागत होता, पंप घरघरत होता, इंजिन मात्र उचलत नव्हते. मिस्त्री टेम्पो घेऊन आले. पाना हातात घेऊन गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि पाना खिशात ठेवला. तो क्षण आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. चाळीस वर्षे ज्याने कुठलीही बुलेट रस्त्यावर सुरू करून दिली, तो माणूस एका काळ्या डब्यापुढे आमच्याइतकाच निरक्षर होऊन उभा होता. विक्रेत्याने फोनवर सांगितले, डबा कुरिअरने पाठवा, पाहतो.

डबा परत आला तो ‘दोष नाही’ या शेऱ्यासह. दोष खरेच डब्यात नव्हता. अर्थिंगच्या वायरीचा एक नट आम्हीच नीट आवळला नव्हता. हादऱ्याने तो ढिला झाला आणि डब्याला मिळणारी वीज मधूनच तुटत होती. दोन मिनिटांचे काम. पण तो बिघाड डब्याला कळत होता आणि आम्हांला सांगण्याची सोय त्यात ठेवलेली नव्हती.

आमच्या स्नेह्यांशी आमचे खरे भांडण येथे आहे. इंजेक्शनविरुद्ध मांडता येण्यासारखा एकच भक्कम मुद्दा आहे, आणि तो हा. जुन्या कार्बोरेटरचे मोठेपण त्याच्या आत्म्यात नाही, तो उघडून वाचता येतो यात आहे. सहा स्क्रू काढले की मजकूर समोर. सीलबंद डबा हे वाचन काढून घेतो. गाडी विकत घेणाऱ्याला नुसता गिऱ्हाईक करतो आणि मिस्त्रीला डबा पाठवणारा हमाल. याविरुद्ध लेख लिहा, भाषण करा, आम्ही पहिल्या रांगेत बसू. पण हा मुद्दा मांडायचा तर नट, वायर, सेन्सर यांबद्दल बोलावे लागते, आणि तेथे आमच्या ललित लेखकाचे बोट थबकते. मग तो धुक्यातल्या सकाळीवर आणि वडिलांच्या खाकी कोटावर लिहितो. कारखानदाराला यापेक्षा सोयीचा विरोधक कोठे मिळणार? मराठी साहित्याच्या वर्गात यंत्र एक तर माणसाला गिळणारा राक्षस असते, नाही तर वडिलोपार्जित दागिना. गिरण्यांतले जग आतून पाहिलेल्या नारायण सुर्व्यांचा अपवाद आपण मानतो, पाठ्यपुस्तकात घेतो, आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला काय येत होते हा प्रश्न त्यांच्यावरही विचारत नाही.

दुसऱ्या खेपेस आम्ही आधी कार्बोरेटर परत चढवला, सहा महिने गेले, आणि मग खुल्या आराखड्याचा संगणक घेतला. स्पीडुइनो नावाचा हा प्रकल्प आहे. त्याचा आराखडा आणि आज्ञावली दोन्ही सर्वांसाठी खुल्या आहेत. डबा आमच्याच भौतिकशास्त्र विभागातल्या सहकाऱ्याने प्रयोगशाळेच्या बाकावर जुळवला. क्रँकच्या टोकाला छत्तीस दात्यांची चकती बसवली, त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला. दर दात दहा अंशांचा, आणि गाळलेल्या जागेवरून पिस्टन कोठे आहे ते डब्याला कळते. (गाळलेल्या जागेवरून अर्थ लावणारे यंत्र पाहून आम्हांला काय वाटले असेल, ते मराठीच्या वाचकांना सांगायला नको.) ठिणगीचे काम जुन्या पॉइंटकडेच ठेवले. मात्र ठिणगीच्या विजेने सेन्सर गोंधळत असे, म्हणून प्लगची टोपी रोधकाची घेतली. थ्रॉटल बॉडी आणि पंप भंगारातल्या एका गाडीचे. टाकीला जादा पेट्रोल परत येण्यासाठी नळी जोडावी लागली. टाकी पुरती रिकामी करून, धुऊन, वाफ दिल्याखेरीज तिच्याजवळ वेल्डिंग नेऊ नये, आणि तीन बारच्या दाबाला साधी पेट्रोलची नळी लावू नये. तापलेल्या इंजिनावर दाबाखालचे पेट्रोल उडाले तर आत्म्याची चर्चा वेगळ्या अर्थाने करावी लागेल.

तोटेही सांगतो. मायलेजमध्ये डोळ्यांत भरेल असा फरक नाही. खर्चाचा हिशेब गाडीच्या किमतीशी ताडून पाहिला तर हा व्यवहार शहाणपणाचा नाही. पंप वीज खातो. चावी फिरवली की हेडलाइटशेजारच्या अँपिअर मीटरचा काटा डावीकडे झुकतो तो पाहून आजही पोटात गोळा येतो. बॅटरी पुरती उतरली तर कितीही किका मारा. आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातले तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अवैध बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. गॅस वा बॅटरीवर गाडी नेणाऱ्यासाठी कायद्यात दार आहे. पेट्रोलच अधिक नेमके जाळू पाहणाऱ्यासाठी वेगळा रकाना नाही. आम्ही लेखी विचारणा घेऊन गेलो तेव्हा खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी विचारले, ‘इंधन कोणतं?’ ‘पेट्रोल.’ ‘आधी कोणतं होतं?’ ‘पेट्रोल.’ ‘मग बदल काय केलाय, सर?’ अर्ज ठेवून घेतला. आमच्याकडून उतरवलेला कार्बोरेटर तेल लावून कपाटात आहे, आणि तो परत चढवायला मिस्त्रींना एक दुपार लागते. कोणी अनुकरण करणार असेल तर आधी चौकशी करावी.

डब्यातल्या हिशेबाचा गाभा म्हणजे एक तक्ता: सोळा आडव्या ओळी, सोळा उभ्या. एकीकडे वेग, दुसरीकडे दाब, आणि प्रत्येक घरात तेथे इंजिन किती हवा ओढते याचा आकडा. गाडी चालवायची, ऑक्सिजन सेन्सर काय म्हणाला ते पाहायचे, घर सुधारायचे. आम्ही हा तक्ता मोठ्या कागदावर छापून गॅरेजच्या भिंतीवर लावला. पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींनी त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. प्लगचा रंग आणि कानावर पडलेला आवाज यांवरून त्यांनी ‘इथं कोरडी हाय’ म्हणून दाखवलेली बहुतेक घरे सेन्सरनेही पातळ दाखवली. त्यांचे ज्ञान मेले नाही, त्याला लिपी मिळाली. हे वाक्य आमच्या समीक्षक मित्रांना फारच गोड वाटेल, म्हणून लगेच सांगतो की दोन घरांबाबत ते साफ चुकले, आणि एका घराबाबत सेन्सर चुकला.

एक घर अजून सुटलेले नाही. घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण मिटला की सायलेन्सरमध्ये फटफट बार निघतात. मिस्त्री म्हणतात, मिश्रण तिथे कोरडे आहे. भौतिकशास्त्राचे सहकारी म्हणतात, सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरते आहे आणि सेन्सरला ती फसवते. येत्या रविवारी जोडाला नवे गॅस्केट घालून पुन्हा कुंभार्ली उतरायचा आहे. ज्येष्ठ स्नेह्यांना मागच्या सीटचे आमंत्रण दिले आहे.